कुलूप निघाल्याशिवाय हात चालणार नाहीत

परदेशात हंगामी कामाला जायचं मावशीने ठरवलं, तेव्हा ती पंचेचाळिशीला टेकली होती. वसतिगृहाच्या चादरी धुण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

मामा म्हणाला, "या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक कधी चादरी पिळायला आले होते का?" म्हणत ती बॅग भरायला बसली.

शेत स्ट्रॉबेरीचं होतं. प्लास्टिकच्या लांबलचक मांडवांत भट्टीसारखी धग. वाकून एकेक फळ देठासकट खुडायचं आणि न दाबता खोक्यात लावायचं. संध्याकाळी पाठीचा पार काटा ढिला व्हायचा, नखं लालभडक. पण कष्टाबद्दल मावशीने कधी कुरकुर केली नाही.

तिचं डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणाने. स्वतःच्या हाताने फळं तोडायची हौस भागवायला तिथे पर्यटक यायचे. त्यांच्यासाठी फाटकाजवळ चकचकीत संडास होता. कामावरच्या बायकांनी मात्र झुडपाआड जायचं. म्हणून बायका दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. एकदा मावशीच्या शेजारच्या कॉटवरची मुलगी चक्कर येऊन खोक्यांवर कोसळली. मुकादम धावत आला आणि आधी फळं गोळा करू लागला!

दुसऱ्या दिवशी मावशी सरळ त्या संडासात गेली. बाहेर आली तर दारात मुकादम. तो काय ओरडला ते चक्कर आलेल्या त्या मुलीने मराठीत सांगितलं, तिला तिथली भाषा यायची, "हे पाहुण्यांसाठी आहे म्हणतो."

"मग मी कोण? त्यांच्यापेक्षा लांबून आलेय!"

मुकादमाने दाराला कुलूप ठोकलं. मावशीने रिकामं खोकं उपडं केलं आणि वाटेतच बसकण मारली. "कुलूप निघाल्याशिवाय हात चालणार नाहीत."

आधी ती मुलगी येऊन बसली. मग एकेक करत सगळ्याच. ऊन चढत होतं, पिकलेलं फळ कुणासाठी थांबत नाही, आणि फाटकात पर्यटकांची बस येऊन उभी राहिली. शेवटी मालक आला. "पुढारी कोण?" त्याने विचारलं. मावशी उठली आणि मराठीतच सुनावू लागली. मुलगी भाषांतर करताना चाचरली.

"जसंच्या तसं सांग, साखर पेरू नकोस!"

मालकाने एकदा बसकडे पाहिलं, एकदा बायकांकडे. मग मुकादमाला कुलूप काढायला लावलं.

पुढच्या हंगामाला मालकाने सगळ्यांना बोलावलं, मावशीला सोडून. तिला ते लागलं. मग म्हणाली, "जगातली सगळी कामं काय त्याच्या बापाची आहेत?" आणि पुन्हा शोधाला लागली.

आता ती एका तळ्याकाठच्या हॉटेलात पर्यटकांच्या खोल्या आवरते. परवा फोनवर मी विचारलं, "तिथे भांडण वगैरे नाही ना झालं?"

"अजून तरी नाही," मावशी म्हणाली.