सरूच्या मनगटावरचं नाव

पत्र माझ्याकडे हैदराबादला पोचलं तेव्हा सरूचा दहावाही उरकला होता. माझी चुलत बहीण, सतरा वर्षांची. काकांनी लिहिलं होतं, 'हाताला बिब्बा लावला, हात सडला, गेली.' बस्स, एवढंच. महिना उलटला. काकांचा राग येतो, स्वतःचा त्याहून जास्त येतो.

आमच्याकडे सोयरीक ठरली की होणाऱ्या सासूनं पोरीला गोंदवायचं, ही रीत. सरूच्या सासूची हौस दांडगी! तुळस नको, ठिपके नको, तिनं थेट पोराचं नावच मनगटावर गोंदवलं. आणि चार महिन्यांत त्याच बाईनं सोयरीक मोडून दुसरी सून आणली. तिचं काय गेलं? पुढं आलेली दोन स्थळं सरूचा हात बघून उठून गेली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी होतो. सरूनं हात पुढं केला. "दादा, तू डाक्टरी शिकून राहिला ना? मग सांग, हे धुऊन काहून जात न्हाई?"

मी लागलो अक्कल पाजळायला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी शिपायासारख्या धावून येतात, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण कातडीत धागे विणणाऱ्या साध्यासुध्या पेशीही असतात. लढणं त्यांचं काम नाही, तरी त्या गोंदणाच्या काजळीचे कण गिळतात. पचत तर नाहीत, मग पोटात धरून बसतात...

"म्हंजे माझंच अंग त्याला धरून बसलं?"

"व्हय. त्या पेशी मेल्याबिगर सुटका न्हाई."

तिनं हात मागं घेतला. मला वाटलं, पोरीला समजलं. समजलंच होतं! पुसेगावचं तिसरं स्थळ बघायला येणार, त्याच्या आठ दिवस आधी तिनं कातडी जाळणारं बिब्ब्याचं तेल मनगटावर चोळलं. जखम चिघळली, ताप चढला. बोभाटा नको म्हणून काकांनी दवाखाना टाळला.

परवा गावी गेलो, तर पुसेगावच्या त्या मुलाचा म्हातारा बाप भेटायला आलेला. मेंढरं राखणारा माणूस, ओसरीवर टेकत म्हणाला, "पोरगी न बघताच पसंत होती हो आमाला. नावाचं आदीच कानावर आलतं. पन आमच्या घरात वाचता कोनाला येतं?"

काकांनी मान खाली घातली. मला ओरडावंसं वाटलं, अहो, मग हे आधी काहून न्हाई सांगितलं?... पण आम्ही तरी त्यांना कुठं विचारलं होतं!