माझा मोह, भावाचा गट नंबर

मला राग लवकर येतो, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. येतो तसा जातोही. भांडून घरी आले की चहा ठेवते, आणि कप रिकामा होईपर्यंत कशावरून भांडले तेही विसरते. पण या चैत्रात आलेला राग धान कापून झालं तरी गेलेला नाही. त्यातला अर्धा माझा माझ्यावरच आहे, म्हणून असेल.

आमचं गाव सानगडीच्या पुढं, तलावाच्या काठाला. बाबांचं वावर तलावाच्या खालच्या अंगाला होतं, आणि धानाच्या दोन बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, मधल्या धुऱ्यावर, बांधावर, मोहाचं एक मोठं झाड. माझं लग्न गावातच झालं, माहेरापासून तीन गल्ल्या सोडून. तेव्हा बाबांनी ओसरीवर चार जाणत्या माणसांसमोर सांगितलं, "वावर पोराचं, मोह बाईचा." बाई म्हणजे मी, घरात मला बाईच म्हणत. झालं, संपलं. आमच्याकडे असंच असतं. जमीन एकाची, तिच्या धुऱ्यावरचा मोह दुसऱ्याचा, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. चैत्रात वावर रिकामंच असतं. ज्याचा मोह त्यानं पहाटे यावं, झाडाखाली बसून फुलं वेचावी, निघून जावं. याचा कागद कोणी केला नाही, कारण कागद लागतो असं कोणाच्या मनातच आलं नाही. बाबा गेले, वावर धाकट्या भावाच्या नावावर चढलं, आणि मी माझा मोह वेचत राहिले. चाळीस वर्षं.

मागच्या वर्षी फाल्गुनात एका चॉकलेटच्या कंपनीची मुलगी गावात आली. कंपनी दूरच्या शहरातली. दक्षिणेतल्या छोट्या छोट्या बागवाल्यांकडून निवडक कोको घ्यायचा, त्याचं महागडं चॉकलेट करायचं, असा तिचा धंदा. आता त्यात मोहफूल घालायचं होतं. मुलगी वाईट नव्हती, हे आधीच सांगते. आमच्या घरी जेवली, ताट स्वतः घासलं. तिनं बायांना त्या चॉकलेटचा एकेक तुकडा चाखायला दिला. कडूझार. माझ्या भावजयीनं तोंड धरलं आणि घरामागं जाऊन थुंकून आली. मी गिळलं, कारण मला नाही म्हणायला लाज वाटली.

तिच्या अटी अशा. झाडाखालचा पाला जाळायचा नाही, फुलाला धुराचा वास लागतो. फूल भुईवर पडू द्यायचं नाही, झाडाखाली हिरवी जाळी बांधायची. आणि प्रत्येक पोतं कोणत्या शेतातलं, कोणत्या शेतकऱ्याचं, ते लिहिलेलं पाहिजे. "मावशी, पाकीट उघडणाऱ्याला शेतकऱ्याचं नाव कळलं पाहिजे," ती म्हणाली. "म्हणजे मधल्या मधे कोणी त्याचा हक्क मारणार नाही." मला हे इतकं पटलं की मी मान हलवत राहिले. आता ते वाक्य आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

फॉर्म भरायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तीस वर्षं अंगणवाडी सांभाळली मी. पोरांची वजनं, गरोदर बायांची नावं, खाऊचा साठा, सगळी रजिस्टरं माझ्या हातची. खाडाखोड नाही, रकाना रिकामा नाही. रकाना जे विचारतो तेच लिहायचं, आपलं शहाणपण चालवायचं नाही, असं मी नव्या पोरींनाही शिकवलं. तर या फॉर्मवर पहिला रकाना होता शेतकऱ्याचं नाव, सातबाऱ्याप्रमाणे. दुसरा गट नंबर. मी गावातली सगळी झाडं एकामागून एक लिहीत गेले. माझ्या झाडाची पाळी आली. सातबारा भावाचा. मी भावाचं नाव लिहिलं, गट नंबर टाकला, खाली एक रेघ मारली आणि पुढचा फॉर्म घेतला. हात जरासुद्धा अडखळला नाही. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी बाई निदान ओरडते तरी. मी अक्षर चांगलं आलं म्हणून खूश होते.

पहिल्या वर्षी काही बिघडलं नाही. मी जाळी बांधली, मीच फुलं उतरवली, मीच वाळवली. पावसाळ्याआधी साकोलीला कंपनीचा कार्यक्रम झाला. आम्ही सगळे एकाच टेम्पोतून गेलो. स्टेजवरून नावं पुकारली, त्यात भावाचं नाव आलं. त्याला टोपी दिली, प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. तो खाली येऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "फुलं तुझे अन् टोपी मले." आम्ही दोघंही हसलो. मी खरंच हसले, ढोंग नव्हतं. घरी आल्यावर त्यानं ते प्रमाणपत्र काचेत बसवून बैठकीत लावलं. येणारा-जाणारा ते वाचायचा, त्याला मोहवाला म्हणायचा, आणि भाऊ कोणाला दुरुस्त करायचा नाही. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. भांडकुदळ म्हणतात मला, पण जिथं भांडायचं तिथं मी हसत बसले.

या चैत्रात एका पहाटे टोपली घेऊन गेले, तर जाळीखाली भावजय. तिच्या दोन टोपल्या भरून झालेल्या.

"काहून, तू इकडे कशी?" मी विचारलं.

"ते म्हनले, आजपासून आपनच उतरवू," ती म्हणाली. वर बघितलं नाही तिनं. फुलं निवडत राहिली.

मी तशीच भावाच्या घरी गेले. तो दात घासत होता. मी म्हटलं, "बाबू, मोह कोनाचा?" त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं, टॉवेल खांद्यावर नीट टाकला. एवढा वेळ कशाला लागतो माणसाला, मला कळत नाही. मग म्हणाला, "कागदावर तं माझं नाव आहे ना, बाई. तूच तं लिवलं."

मी कंपनीच्या मुलीला फोन लावला आणि म्हटलं, चूक झाली आहे, येऊन दुरुस्त कर. ती चार दिवसांनी आली. माझ्या ओसरीवर बसली, मी भावालाही बोलावून घेतलं. मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि तिला खरंच वाईट वाटलं. तिनं मांडीवर टॅब घेतला, बराच वेळ बोट फिरवलं.

"मावशी, नुसत्या झाडाची नोंद इथं होत नाही. शेतच लागतं," ती म्हणाली. "पण तुमचं नाव घालता येईल. शेतकरी, कुटुंबातील सदस्य, मजूर, एवढे प्रकार आहेत. कुटुंबासाठी रेशन कार्ड एक लागतं, ते तर तुमचं वेगळं. मग मजूर म्हणून घालते. काही फरक पडत नाही, नाव आल्याशी मतलब."

नाव आल्याशी मतलब म्हणे. मी तिला म्हटलं, "पोरी, माझ्या बापानं मले दिलेल्या झाडावर मी मजूर? तुझ्या त्या पाटीत झाड बसत नसन तं तुझी पाटी बदल, मले काहून बदलून राहिली?" तिच्या हातात काही नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि त्यानं माझा राग आणखी वाढत होता. ज्याच्या हातात आहे तो कधीच आपल्या ओसरीवर येऊन बसत नाही. हक्क मारला जाऊ नये म्हणून केलेला कागद, त्यानंच हक्क मारला, आणि भांडायला समोर कोण, तर ताट घासून ठेवणारी एक पोरगी.

तरी एक वाट होती. मी म्हटलं, "याले विचार. हा सांगन मोह कोनाचा. मग जे लिहायचं ते लिही." मुलीनं भावाकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. बाबा बोलले तेव्हा तो तिथंच बसलेला, बारा वर्षांचा होता, काही पाळण्यात नव्हता. त्यानं एक शब्द म्हटला असता, 'बाईचा', तर मला कंपनीचा कागदही नको होता. लिहा मजूर, लिहा काहीही. मी फक्त तो शब्द ऐकायला बसले होते.

"वेचते बाईच," भाऊ म्हणाला. "पहिलेपासून तेच वेचते."

मुलीला हायसं वाटलं. तिनं मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. भाऊ खोटं एक अक्षर बोलला नाही. मी त्याला ओसरीवरून जायला सांगितलं. जे तोंडाला आलं ते बोलले, त्यातलं काही इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्याबद्दल मला वाईटही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी झाडाखाली गेले. कोणी नव्हतं. जाळीच्या गाठी सोडल्या, गुंडाळून बाजूला ठेवली, आणि भुईवर पडलेली फुलं बसून वेचू लागले. विकायला नाही, नुसती वेचायला. अर्धी टोपली झाली असेल, तेवढ्यात भाऊ धुऱ्यावरून आला. भांडायला आला नव्हता. माझ्यासमोर उकिडवा बसला, दोन फुलं उचलून माझ्या टोपलीत टाकली. माझा जीव त्या दोन फुलांनी पार विरघळला. वाटलं, चला, आला माझा भाऊ.

"राग सोड ना, बाई," तो म्हणाला. अगदी मायेनं म्हणाला. "तू काहून एवढं मनाले लावून घेतलं? मी तुले वेचाले देतोच ना. जिवंत आहो तवरीक देईन."

देतो म्हणाला. त्याला त्यात काही चुकलं असंही वाटलं नाही, तो हसत होता. चाळीस चैत्र मी त्या झाडाखाली बसले, मला कोणी देत नव्हतं. मी टोपली तिथंच ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घरी आले. तेव्हापासून तिकडे गेले नाही. भाऊ दोनदा बोलवायला आला, भावजयीनं फुलं धाडली, ती मी परत पाठवली. लोक म्हणतात, म्हातारी हट्टी आहे, एवढं वेचायला देतो तर जात काहून नाही. मी कोणाकोणाला सांगू. आता गेले, तर त्यानं दिलं म्हणून जाईन.