सहा ठिपके एका रेषेत

मी अंगद. जाफराबादला बसस्टँडच्या मागं माझी रक्त तपासायची लॅब आहे. माणूस मी तापट. रिपोर्ट कधी मिळंल, असं कुणी दोनदा विचारलं की खेकसलोच समजा. पण सांगायचंय ते बेबीनंदा बाईंचं. माझं सांगायला मला तोंड न्हाई, तरी मधी मधी माझं येणारच, काय करता.

बाई पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत एकवीस वर्षं गणित शिकवायच्या. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. पोरांना त्या चिंचोके मोजायला लावायच्या, आणि नुसतं बघून “वीस असतील बाई” म्हणलं की पाठीत धपाटा. त्यांचे आईबाप मजुरी करायचे, घराण्यात मॅट्रिक झालेल्या या पहिल्याच. नवरा लवकर गेला. एकटीनं पोरगी शिकवली, ती आता पुण्याला असते. रिटायर झाल्यावर जाफराबादला राहायला आल्या, तरी दर रविवारी बुद्धविहारात पोरांची शिकवणी चालूच.

तीन वर्षांमागं बाईंच्या छातीत गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. डोक्याला रुमाल बांधून बाई शिकवत राहिल्या. डॉक्टरांनी त्यांना एक गोष्ट समजावून दिली होती. रक्ताची साधी तपासणी, कुणालाही लिहून देतात ती, तिच्यात पांढऱ्या पेशींच्या एकेका प्रकाराची टक्केवारी येते. त्यातल्या न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं भागायचं. येणारा आकडा तपासणीमागून तपासणी चढत गेला, तर आजार पुन्हा डोकं वर काढत असंल, असा अंदाज बांधता येतो. नुसता अंदाज, एकट्या आकड्यावर कुणी निदान करत न्हाई, हेही त्यांनी सांगितलं होतं. पण गणिताच्या बाईंच्या हातात भागाकार दिल्यावर आणखी काय पाहिजे! दर तीन महिन्यांनी माझ्याकडं रक्त द्यायचं आणि घरी जाऊन भागाकार करायचा, असं त्यांचं सुरू झालं.

आता माझी करणी ऐका. माझं मशीन जुनं, ते ही टक्केवारी देत न्हाई. त्यासाठी रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली शंभर पेशी एक एक करून मोजायच्या. सकाळी बाकड्यावर पंधरा माणसं, जो तो जल्दी करून राह्यला. मंग मी काच रंगवायचोच न्हाई. न्यूट्रोफिल चौसष्ट, लिम्फोसाइट बत्तीस, द्यायचं ठोकून. चांगल्या माणसाचं साधारण तेवढंच असतं, कोण बघतंय!

या जुलैत बाई आल्या तेव्हा अंगावर साडी लोंबत होती. कमरेला हात लावून बसल्या, पण चेहरा खुशीत. पिशवीतून आलेखाचा कागद काढला.

“बघ रे अंगद. सहा तपासण्या, सहा ठिपके, एका रेषेत! दर वेळी बराबर दोन. मार्चमध्ये डॉक्टरांनी बोलावलं होतं, मी गेलेच न्हाई. रेष सरळ हाय, मंग जीपमध्ये हाडं कशाला खिळखिळी करून घ्यायची?”

एवढ्या हुशार बाई, त्यांना शंका कशी आली न्हाई? कारण आकडे लिहिणारा त्यांचा विद्यार्थी होता.

त्या दिवशी मी काच रंगवली. शंभर पेशी मोजल्या. विश्वास बसंना, म्हणून आणखी शंभर मोजल्या. न्यूट्रोफिल एक्क्याऐंशी, लिम्फोसाइट चौदा. रिपोर्ट बाईंच्या हातात दिला आणि मनात म्हणलं, आता आकडाच त्यांना डॉक्टरकडं नेईल, आपल्याला तोंड उघडायची गरज न्हाई. इतका मी हलकट.

बाईंनी तिथंच भागाकार केला. “जवळजवळ सहा! एकदम चढलं की रे.” थोडा वेळ कागद बघितला आणि हसल्या. “सर्दी-तापानंही चढतं म्हणे. सहा वेळा दोन आणि एकदाच हे, म्हणजे काहीतरी बारीकसारीक असंल. महिन्याभरानं परत बघू.”

आणि उठल्या. दारापर्यंत गेल्या, पायरी उतरल्या. मंग मी ओरडलो, “बाई, ते सहाही आकडे खोटे हायेत! मी कधी मोजलंच न्हाई!”

बाकड्यावरच्या माणसांनी सगळं ऐकलं. बाई वळल्या. त्यांनी कानाखाली वाजवली असती तर फार बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी करून पिशवीत घातली आणि “संभाजीनगरची जीप किती वाजता हाय?” एवढंच विचारलं.

आजार पाठीच्या मणक्यात उतरला होता. ते स्कॅनमध्ये दिसलं. मार्चमध्येच कळलं असतं तर काय फरक पडला असता, हे डॉक्टरांना विचारायला मी गेल्तो, पण दवाखान्याच्या गेटावरूनच माघारी आलो. ऐकायची हिंमत झाली न्हाई. लाजेनं जेवण जाईना.

पंधरा दिवसांनी बाई काठी टेकत लॅबमध्ये आल्या. कमरेला पट्टा बांधलेला. मला वाटलं, शिव्या द्यायला आल्या. मी पाया पडायला वाकलो.

“ऊठ. माझं राहू दे. आणखी किती जणांचं असं लिहिलंस?”

मी ड्रॉवरमधल्या रजिस्टराकडं बघितलं.

“रजिस्टर काढ.” बाई हळूहळू बाकड्यावर बसल्या. “आता एकेकाला फोन लाव.”

पहिलं नाव मागच्या गल्लीतल्या द्वारकाबाईंचं होतं. फोन लावला. “मावशी, अंगद लॅबवाला बोलून राह्यलो. एकदा परत रक्त द्यायला या. मागच्या रिपोर्टात जरा चूक झाली.”

“चूक म्हणू नको,” बाई बाकड्यावरून म्हणल्या. “काय केलं ते सांग तिला.”

“मावशी, तुमचं रक्त मी तपासलंच न्हाई. मनानं लिहून दिलं.”

बाईंनी रजिस्टर स्वतःकडं ओढलं आणि पुढच्या नावावर बोट ठेवलं.