प्रेस मशीनवर टांगलेला ड्रमचा धडा

आमचा पंक बँड थेरगावात एका पत्र्याच्या शेडमध्ये वाजायचा. आवाज असा, की गल्लीतली कुत्री पिंपळे गुरवला कायमची राहायला गेली. ऐकायला माणसं मात्र येईनात, म्हणून आम्ही फॅनझीन काढलं. म्हणजे घरगुती मासिक: आपणच लिहायचं, आपणच कापून चिकटवायचं, डांगे चौकात झेरॉक्स मारायची आणि चहाच्या टपऱ्यांवर ठेवून पळायचं. पहिल्याच अंकावर चिंचवडपासून तळेगावपर्यंतचे सगळे पंकवाले शेडवर लोटले. तिघे होते.

मांडणी आमच्या ड्रमरकडे. तो चाकणला एका कंपनीत प्रेस मशीनवर कंत्राटी कामगार. तिथं प्रत्येक मशीनवर प्लास्टिकच्या पाकिटात कामाची पद्धत टांगलेली असते: चौकटी, फोटो, बाण, पहिली पायरी, दुसरी पायरी. मांडणी म्हणून त्यानं आयुष्यात तेवढीच पाहिलेली. त्यामुळे आमचं बंडही चौकटीत, बाणांसकट छापून यायचं.

दुसऱ्या अंकात त्यानं ड्रमचा धडा दिला. ‘ड्रम नसल्यास लोखंडी बिन (सुटे पार्ट ठेवायचा डबा) उलटा घालावा. दोन दांडकी घ्यावीत. वाजवावे. शेवटी जिवाच्या आकांताने ओरडावे.’

तेव्हा तो परमनंट व्हायच्या बेतात होता. सुपरवायझरनी सांगून ठेवलेलं, “कस्टमरचं ऑडिट नीट जाऊ दे, मग तुझं बघतो.”

पुढचं मला त्यानंच सांगितलं, मी अगदी थोडं वाढवतोय. ऑडिटच्या सकाळी सुपरवायझर साफसफाई करत फिरत होते. याच्या मशीनखाली धड्याचं पान पडलेलं, याच्याच खिशातून. वरूनच गळालं असणार, म्हणून त्यांनी ते झटकलं आणि न वाचता पाकिटात सरकवलं, खऱ्या कागदाच्या वर.

ऑडिटर एकच गोष्ट बघतात: कागदावर आहे तेच कामगार करतो का. त्यांनी धडा शांतपणे वाचला.

“करून दाखवा.”

“सर, हे जरा...”

“कागद तुमच्याच मशीनवर आहे ना?”

मागून सुपरवायझर दात आवळून म्हणाले, “कर ना बाबा, सांगतायत तसं!”

यानं बिन उलटा घातला, पॅकिंगच्या लाकडी पट्ट्या उचलल्या आणि सुरू झाला. शेजारच्या कंपनीत लोकांना वाटलं शिफ्ट सुटली. अर्धे जाऊन बसमध्ये बसले. हा थांबला, तर ऑडिटरचं बोट अजून कागदावरच.

“शेवटची पायरी राहिली.”

“सर, त्यात ओरडायचंय.”

“मग?”

हा ओरडला. नाशिक हायवेवर ट्रकवाल्यांनी गाड्या बाजूला घेतल्या.

“पद्धत पाळली जाते,” ऑडिटर म्हणाले. “कागदावर नंबर आणि मंजुरीची सही तेवढी नाही. घालून घ्या.”

सुपरवायझरनी लगेच दोन्ही घातलं. महिनाअखेर ड्रमर परमनंट झाला.

तो पेढे घेऊन शेडवर आला. मी म्हटलं, “अभिनंदन, भावा. आता नव्या गाण्यात वेग वाढव, आणि शेवटचं ते ओरडणं काढू या.”

त्यानं हातात घेतलेली दांडकी परत खाली ठेवली. “नाही जमणार, राव. मंजूर पद्धत आहे. बदल करायचा तर आधी सुपरवायझरची सही लागते, मग कस्टमरची. आत्ताशी कुठं परमनंट झालोय मी.”

त्याच्या नोकरीशी खेळायची आमची छाती नव्हती. आम्ही अर्ज केला, चौकटी आणि बाणांसकट. सुपरवायझरची सही झालीये. कागद सध्या कस्टमरकडे आहे, तोवर प्रत्येक गाण्याच्या शेवटी तो ओरडतो.