नेलिदाची ‘एक खेडवळ बाई’

नेलिदा चोके डॉक्टर झाली, ही आवई एल आल्तो शहरातल्या आमच्या गल्लीत तिच्या आईनेच उठवली. खरं तर झाली होती फक्त प्रबंधाच्या आराखड्याची तोंडी परीक्षा; प्रबंध लिहायला अजून चार वर्षं. पण तिच्या आईला, एउसेबियाबाईंना, एवढंच कळलं होतं की पोरगी परीक्षकांपुढे उभी राहणार. मग काय, वाळवलेल्या बटाट्यांची पातेलंभर भाजी आणि पदवी मिळाली की डोक्यावर उधळायचे ते रंगीत कागदाचे तुकडे घेऊन त्या मागच्या बाकावर हजर. सोबत शेजारच्या चोंबड्या रेमेदियोसबाई होत्याच.

प्रबंधाचा विषय तोच, थंडीत गोठवून, तुडवून वाळवलेला बटाटा. परीक्षकांनी विचारलं, “रात्रभर गोठलेला बटाटा पायांनी तुडवायची वेळ कशी ओळखायची, हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“एका खेडवळ बाईने,” नेलिदा म्हणाली. मागे बघायचं धैर्य तिला झालं नाही.

आराखडा मंजूर झाला. एउसेबियाबाईंनी परीक्षकांनाही आग्रहाने वाढलं, पण कागदाच्या तुकड्यांची पिशवी शालीखालून काढलीच नाही. “राहू दे, खरी डॉक्टर झालीस की उधळू,” एवढंच म्हणाल्या.

परतताना बसमध्ये रेमेदियोसबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “काय गं डॉक्टरीणबाई, ती खेडवळ बाई कोण म्हणायची?”

नेलिदाचे कान लाल झाले. ती म्हणाली, “माझी आई. उद्याच जाऊन आराखड्यात तिचं नाव लिहून येते. तुमचं मात्र कुठेच लिहिणार नाही, मावशी.”