पिवळा दिवा आणि घाटात उतरवलेले सासरे

मेव्हणीच्या साखरपुड्याला निघालेल्या सासऱ्यांना मी घाटात गाडीतून खाली उतरवलं. कारण काय, तर वजन जास्त!

माझा गुलाबांचा व्यवसाय. त्यासाठी डबल केबिनची पिकअप घेतली आणि सासरवाडीत मी एकदम गाड्यांमधला जाणकार ठरलो. (ठरवलं मीच होतं.) "आबा, तुम्ही माझ्याच गाडीतून यायचं," हा सासऱ्यांकडे धरलेला हट्टही माझाच. बाकी मंडळी सकाळीच लोणावळ्याच्या हॉलवर पुढे गेली. मी आणि बायको संगीता लोहगडवाडीहून सासू-सासऱ्यांना घेऊन निघालो. नवरदेवाची अंगठी सासूबाईंच्या पिशवीत.

तिसऱ्या वळणावर समोर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखं चित्र, मध्ये उद्गारचिन्ह.

"अहो, हे काय लागलं?" संगीतानं विचारलं.

"लोड जास्त झाला की लागतो," मी ठोकून दिलं.

आबा अंगानं भरलेले. बिचारे हळूच म्हणाले, "मंग मी उतरू का?"

आणि मी "नको" म्हणालो नाही!

नवा सदरा, इस्त्रीची टोपी घातलेले आबा उतारावरून चालत निघाले. मागून आम्ही, गोगलगायीच्या वेगानं. किल्ल्यावर निघालेली पोरं त्यांना सांगत होती, "काका, किल्ला मागे राहिला!" शेवटी एका दुधाच्या टेंपोवाल्याला त्यांची दया आली. आबा त्यात बसून निघून गेले. दिवा मात्र तसाच!

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "चाकात हवा कमी झाली आसंल. आमच्या सायकलीचं बी आसंच व्हायचं."

"आई, सायकलीला दिवा असतो का असला?" मी हसलो. (ते हसणं आठवलं की अजून कान तापतात.) खाली उतरून मी चाकांना लाथा घातल्या. कडक लागली. "उन्हानं हवा फुगलीय! म्हणून तर उद्गारचिन्ह!" असं म्हणत चावीच्या टोकानं चारही चाकांतली हवा सोडली. चारही चाकांची, अगदी सारखी. त्यात पक्षपात केला नाही.

गाडी म्हशीसारखी खाली बसली. दिवा आता टुंई टुंई ओरडायलाही लागला. संगीतानं कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं, त्यावरचं प्लॅस्टिक फाडलं आणि मोठ्यानं वाचलं, "'टायरमधली हवा कमी झाल्यास हा दिवा लागतो.'"

सासूबाई नुसत्या डोंगराकडे बघत राहिल्या. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या!

तेवढ्यात मेव्हणीचा फोन. "दाजी, आबा कवाच पोचले! सगळे अंगठीसाठी थांबलेत. तुमी कुटं हाय?"

"आलोच," मी म्हणालो. चाकं चपटी होऊन जमिनीला चिकटलेली!

शेवटी किल्ला बघून परतणाऱ्या एका जोडप्याच्या गाडीत हवा भरायचा छोटा पंप निघाला. चार चाकं भरायला तासभर लागला. थोडं पुढे गेल्यावर दिवा गुमान विझला.

हॉलवर पोचलो तेव्हा आबा दारातच उभे होते. मी वाकून पाया पडलो. "आबा, चुकलं माझं."

"जाऊ द्या वो! टेंपोवाल्यानं लय मानानं फुडं बसवलं मला," आबा म्हणाले. जमिनीनं मला पोटात घ्यावं, असं वाटलं.

इतक्यात नवरदेवाचे काका आले. माझे काळे हात, मळलेला शर्ट बघून म्हणाले, "ड्रायव्हर का तुम्ही? मागं पंगत बसलीय, जेवून घ्या."

"न्हाई वो, हे आमचे मालक," संगीता म्हणाली. "ड्रायव्हर असते तर येळेवर पोचलो असतो!"