सळई अडकली तेव्हा

आमचे डॉक्टर मराठीत बोलायला लागले की मी सावध व्हायची. तंजावरच्या त्या लहानशा इस्पितळात मी ऑपरेशनची नर्स. काम नीट चाललं असलं की ते तमिळमध्ये बोलत, वर मला चिडवतही. काही बिनसलं की मात्र हळूच आमच्या घरच्या मराठीत उतरत. पेशंट कमरेतल्या इंजेक्शनने नुसता बधिर, कान उघडे. त्याला घाबरवायचं नाही, एवढाच हेतू. आम्ही दोघंही तिथल्या जुन्या मराठी घरांतले. तिसऱ्याला काय कळणार, अशी आमची ऐट.

माणूस कामात भारी चिकट. मोडलेल्या मांडीच्या हाडात सळई घालायची पद्धत तेव्हा आमच्याकडे नवी. दुसऱ्या, न मोडलेल्या पायाशेजारी सळई धरून ते लांबी बघत, पुन्हा बघत. मी कंटाळले की म्हणत, "अक्का, हाडाला ठिगळ लावता येत नाही."

एकदा पापनाशमच्या रस्त्यावर बसने उडवलेला एक तमिळ आचारी आला. लग्नाच्या पंगती करणारा, दिवसभर चुलीपुढे उभा राहणारा गडी. पाय गेला तर त्याचं सगळंच गेलं.

सळई निम्मी आत गेली आणि थांबली. डॉक्टरांनी ठोकली, हलेना. मागे ओढली, तरी हलेना. मग ते मराठीत म्हणाले, "अक्का, ना आत जाते, ना बाहेर येते. हाड चिरावं लागलं तर या पायाचं काही खरं नाही."

पेशंटच्या छातीवर लावलेल्या पडद्यापलीकडून आवाज आला. "रायर, माझा पाय जाणार का?"

तिथे आम्हा मराठी लोकांना रायर म्हणतात. पण पुढचं सगळं चक्क मराठीत! गडी लहानपणापासून एका मराठी घरच्या स्वयंपाकघरात वाढलेला. हे विचारायचं आम्हा दोन शहाण्यांना सुचलंच नव्हतं.

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. वाटलं, आता डॉक्टर थाप मारतील.

"माहीत नाही," ते म्हणाले. "सळई अडकली आहे. काढायला बघतोय. तुम्ही माझ्यासोबत राहा."

मग प्रत्येक ठोक्याआधी ते त्याला सांगत आणि तो हुंकार देई. सळईत आकडा अडकवून उलटे ठोके घालत राहिले. अखेर ती करकरली आणि सुटली. तिच्या जागी बारीक सळई बसवली.

डॉक्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला आठवते ती दुसरी सकाळ. ते माझ्याआधी वॉर्डात हजर होते. त्यांनी चादर सारली आणि आचाऱ्याला बोटं हलवायला सांगितली. अंगठा हलला, मागोमाग बाकीची बोटं. एवढा करारी माणूस, पण खाटेच्या कडेला बसला आणि तो पाय धरून लहान मुलासारखा रडला. मला कुठे बघावं कळेना.

आचाऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "रायर," तो म्हणाला, "कालपासून काही खाल्लंत का?"